बोली कानानं, मोल डोळ्यानं

परतवाड्यात एक सुतार राहत होता. मेळघाटातून उतरलेलं सागवान पिढ्यान्‌पिढ्या याच गावात येऊन थांबलं. इंग्रजांच्या छावणीचं हे ठाणं लाकडाच्या पेठेमुळे वाढलं. सुताराचा बापही सुतारच होता. त्यानं बसवलेलं दार पावसाळ्यात फुगत नसे आणि उन्हाळ्यात फट दाखवत नसे, असं अचलपूरपर्यंतचे लोक सांगत. थोरल्या मुलानं मोटारदुरुस्तीचा धंदा धरला, धाकटा, म्हणजे हाच सुतार, बापाजवळ रंधा मारायला शिकला. बाप त्याला ‘लहान्या’ म्हणे. लहान्याची चाळिशी आली, त्याला दोन लेकरं झाली, तरी बापाच्या तोंडी तो लहान्याच राहिला.

एका हिवाळ्यात लहान्या बहिरमच्या यात्रेत गेला. ही यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. दुकानांचे सांगाडे ठोकायला, राहुट्या उभारायला सुतारांना तिथे काम मिळतं. दिवसभराचं काम आटोपून लहान्या सोबत्यांबरोबर हंडीतलं मटण आणि रोडगे खायला बसला. त्याच रात्री घरी बापाला झटका आला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. लहान्या पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, दुकान उघडलं. लहान्यानं पटाशी उचलली आणि पाठीमागून स्पष्ट आवाज आला.

“लहान्या, कुठी होता तू?”

त्यानं वळून पाहिलं. मागे फळ्यांची थप्पी होती, माणूस कोणीच नव्हता.

सुरुवातीला हा आवाज दिवस मावळताना यायचा. पुढे सकाळीही यायला लागला. आवाज बापाचा, पण बोलणं दिवसेंदिवस कडवट होत गेलं. “तुह्या हातात काईच नाई.” “खात बसला होता, मी मेलो तवा.” मग दुसरा एक अनोळखी आवाज त्यात मिसळला. तो नुसता हसायचा आणि “हाव, हाव” म्हणायचा. दोन महिन्यांनी हुकूम सुटायला लागले. “दार फोड. नाई फोडलं, तर पोरगं जाईन.” गिऱ्हाइकासाठी महिनाभर खपून केलेलं दार लहान्यानं कुऱ्हाडीनं फोडलं आणि त्याच्याजवळ बसून रडला. बायकोनं विचारलं तर म्हणाला, “लाकूड किडकं निंगालं.” लाकूड किडकं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

मग गोष्ट घराबाहेर गेली आणि सल्ले सुरू झाले.

पहिला सल्ला थोरल्या भावाचा. भावाचा जीव होता लहान्यावर. तो म्हणाला, “हे बाहेरचं हाय. बाबाचा जीव अडकला.” त्यानं लहान्याला लांबच्या एका ठिकाणी नेलं. तिथे त्याला अकरा दिवस खांबाला साखळीनं बांधून ठेवलं, अंगारा लावला, दोनदा मारलंही. घरी आला तेव्हा घोट्याची कातडी सोललेली होती आणि आवाज होता तिथेच होता. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मानसिक आजाराच्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंड घालायला २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही मनाई आहे. या मनाईमागे जळलेली माणसं आहेत. ऑगस्ट २००१मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला पहाटे एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. आत मानसिक रुग्ण साखळीनं बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. थोरल्या भावाला हे ठाऊक नव्हतं. त्याला भाऊ बरा करायचा होता.

दुसरा सल्ला शेजारच्या शिकलेल्या गृहस्थांचा. तेही भल्यासाठीच बोलले. “अहो, कोणी नाही तिथे. भास आहे सगळा. लक्ष देऊ नका, कामात मन गुंतवा.” लहान्यानं मान हलवली. त्या रात्री आवाज म्हणाला, “पाह्यलं? तुह्यावर कोनाचाच भरोसा नाई.” त्या दिवसापासून लहान्यानं आवाजाबद्दल बोलणं बंद केलं. लोकांना वाटलं, बरा झाला.

तिसरा सल्ला गोळ्यांचा. एका दवाखान्यात पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून मिळाली. गोळ्यांनी झोप लागली, आवाज थोडे लांब गेले. पण हात थरथरायला लागले आणि पटाशी रेघेवर राहीना. अशी थरथर या औषधांनी होऊ शकते, डॉक्टरांना सांगितलं तर गोळी किंवा मात्रा बदलता येते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सुताराचा हात म्हणजे त्याची भाकर. त्यानं कोणाला न विचारता गोळ्या गटारात टाकल्या. पंधरा दिवसांत आवाज दुप्पट जोरानं परतले. दोष गोळ्यांचा नव्हता. गोळी त्याच्या पोटापर्यंत गेली, त्याच्यापर्यंत कोणी गेलंच नाही.

पौषात धामणगाव गढीहून आत्या आली. बापाची धाकटी बहीण, सत्तरीची. ती दुकानात ओंडक्यावर बसली, पदरात ओल्या तुरीच्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली. लहान्या फळीवर गुण्या ठेवून उभा होता. रेघ मारत नव्हता, कानोसा घेत होता. आत्यानं बराच वेळ पाहिलं. मग शेंग सोलता सोलता विचारलं,

“काय म्हन्ते तो?”

लहान्या दचकला. “कोन?”

“जो बोलून राह्यला तो. मी काई आंधळी नाई, बापू. तुले आयकू येते. मंग काय म्हन्ते, ते सांग.”

वर्षभरात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. आवाज कोणाचा, आहे की नाही, बाहेरचा की डोक्यातला, यावर सगळे भांडले होते. तो काय म्हणतो, हे कोणाला ऐकायचं नव्हतं. लहान्यानं गुण्या खाली ठेवला. आधी एक वाक्य सांगितलं, मग दुसरं, मग दार फोडल्याची खरी हकीकत. आत्या मधे बोलली नाही. तिच्या पदरातल्या शेंगा संपल्या, टरफलांचा ढीग झाला, तरी तो बोलतच होता.

शेवटी आत्या म्हणाली, “तुहे मामा, माहे मालक, गेले ना, तवा मलेबी वरीसभर आयकू येत होतं. सकाई चुलीपाशी बसली का ते म्हनत, ‘चहा ठेवला काय?’ मी म्हनो, ‘ठेवते.’ मले भेव नाई लागलं. हयूहयू बंद झालं.” थोडं थांबून ती म्हणाली, “पन एक सांगू? माहा भाऊ असं बोलत नव्हता. रागवे, पन ‘तुह्या हातात काई नाई’ असं त्यानं जल्मात म्हटलं नाई. आवाज त्याचा असन. बोलनं त्याचं नाई.”

आत्याला जे झालं ते जगभर होतं. वेल्समधल्या रीस नावाच्या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना विचारलं होतं. १९७१मध्ये छापून आलेल्या त्यांच्या नोंदीत जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाची चाहूल कोणत्या ना कोणत्या रूपात लागत होती, आणि शंभरातल्या तेरा जणांना त्याचा आवाज ऐकू आला होता. बहुतेकांनी ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आवाज ऐकू येणं म्हणजे दरवेळी आजार नव्हे. पण तो आवाज झोप, जेवण, काम खायला लागला, हुकूम द्यायला लागला, जीवाचं भय घालायला लागला, तर एकट्या आत्यानं भागत नाही. हेही आत्यालाच कळलं. ती सुनेला म्हणाली, “मी आयकून घेतलं. आता ज्याले यातलं समजते, त्याच्याकडे ने.”

लहान्याच्या मुलीनं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर १४४१६ हा नंबर वाचला होता. ही ‘टेलिमानस’ची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. रात्री-बेरात्री लागते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बायकोनं फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची वाट दाखवली. दुसऱ्या आठवड्यात नवरा-बायको एसटीत बसून पन्नासेक किलोमीटरवरच्या अमरावतीला गेले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी हात पुढे करायला सांगितले. थरथरीची गोष्ट ऐकून दुसरी गोळी लिहिली, थोड्या मात्रेनं सुरू केली आणि बजावलं, “त्रास झाला तर मला सांगायचं. मनानं बंद करायची नाही.” मग त्याला बाजूच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी आत्याचाच प्रश्न विचारला, आणि त्याच्यापुढे आणखी काही. आवाज किती आहेत? कोणाचे वाटतात? कुठल्या बाजूनं येतात? कधी जोर करतात? त्यांचं ऐकलं नाही तर काय होईल म्हणतात? तुम्ही काय उत्तर देता? लहान्या म्हणाला, “उत्तर? त्याले उत्तर देता येते काय?”

मॅडमनी त्याला हॉलंडची हकीकत सांगितली. मारिउस रोमे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या एका रुग्ण बाईंनी त्यांना सुनावलं होतं की मला काय ऐकू येतं, यात तुम्हाला रसच नाही. रोमेंनी ते मनावर घेतलं. १९८७मध्ये दोघं दूरदर्शनवर बोलायला बसले आणि आवाज ऐकू येणाऱ्यांनी कळवावं, असं आवाहन केलं. शेकडो लोक पुढे आले. त्यांतले कितीतरी कधी दवाखान्यात गेलेच नव्हते. आवाजांशी काहीतरी मांडवली करून संसार चालवत होते. रोमे आणि त्यांच्या सहकारी सँड्रा एशर यांनी या माणसांनाच विचारून शिकून घेतलं. आवाज बहुतेकदा कुठल्यातरी घावानंतर सुरू होतात आणि ते जे बोलतात त्यात त्या घावाचा माग असतो, हे त्यांना दिसलं.

“तुमचा आवाज पहिल्यांदा काय म्हणाला होता?” मॅडमनी विचारलं.

“कुठी होता तू.”

“आणि तुम्ही स्वतःला काय विचारत होता तेव्हा?”

लहान्या बराच वेळ गप्प बसला. तोही हेच विचारत होता.

पहिलं काम वहीचं. मुलीची अर्धी कोरी वही घेऊन त्यानं रकाने पाडले: वेळ, जागा, आवाज काय म्हणाला, आधी काय चाललं होतं, मी काय केलं. तीन आठवड्यांत वहीनं त्याला न दिसलेलं दाखवलं. आवाज सगळ्यात जोरात यायचा तो दिवे लागायच्या वेळी आणि दार गिऱ्हाइकाला पोचवायच्या आदल्या दिवशी. उपाशी असला, झोप कमी झाली की वाढायचा. आणि तो गुणगुणत रंधा मारत असला की जवळजवळ यायचाच नाही.

“हे असं काऊन?” त्यानं विचारलं.

मॅडमनी सांगितलं की आपण सगळेच मनात बोलत असतो. त्या वेळी मेंदूची बोलण्याची जागा काम करते, कधी जीभ-घसाही नकळत हलतो. आवाज ऐकू येणाऱ्याच्या बाबतीत यातलंच काही बोलणं ‘हे माझं’ अशी खूण न लागता मेंदूला पोचतं आणि बाहेरून आल्यासारखं ऐकू येतं, असं पुष्कळ संशोधकांचं मत आहे. म्हणून गुणगुणलं, मोठ्यानं वाचलं, कोणाशी बोललं की त्या बोलण्याला वाट कमी उरते. लहान्यानं तुकडोजी महाराजांची भजनं लहानपणापासून ऐकली होती. दिवेलागणीला तो ती मुद्दाम म्हणायला लागला. आवाज बंद झाला नाही, पण अर्धा तास मोकळा मिळायला लागला, आणि त्या अर्ध्या तासात एक झडप पुरी व्हायला लागली.

दुसरं काम हुकमाचं. आधी करार झाला: आवाज स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवावर उठायला सांगेल, तर वहीत लिहीत बसायचं नाही. ताबडतोब बायकोला सांगायचं, १४४१६ लावायचा, दवाखाना गाठायचा. बाकीच्या हुकमांना मात्र उशीर करून पाहायचा. पहिल्यांदा तो प्रसंग आला तेव्हा संध्याकाळचे पाच चाळीस झाले होते. आवाज म्हणाला, “चौकट फोड, नाई तर पोरगं जाईन.” लहान्यानं वेळ लिहिली. बायको शेजारी येऊन बसली. त्याचा शर्ट घामानं भिजला. घड्याळात पाच पन्नास झाले. सहा वाजता पोरगा शिकवणीहून आला, दप्तर फेकलं आणि म्हणाला, “आई, भूक लागली.” लहान्यानं वहीत लिहिलं, ‘पोरगं आलं. पोहे खाल्ले.’ पुढच्या वेळी त्यानं अर्धा तास उशीर केला, मग एक रात्र. महिन्याभरात धमक्यांचा रकाना भरत गेला आणि ‘काय झालं’ या रकान्यात पोहे, शाळा, क्रिकेट एवढंच आलं. आवाजाला जेवढं बळ आहे असं वाटत होतं, तेवढं नव्हतं. हे त्याला कोणी पटवून दिलं नाही. त्यानं स्वतःच्या अक्षरात वाचलं.

तिसरं काम सगळ्यात अवघड. मॅडमनी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि लंडनची गोष्ट सांगितली. तिथे जुलियन लेफ नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी संगणकावर आवाजाला चेहरा दिला. रुग्ण स्वतः तो चेहरा घडवतो, उपचारक त्या चेहऱ्यातून आवाजाची वाक्यं बोलतो, रुग्ण त्याला उलट बोलायला शिकतो आणि चेहरा हळूहळू नमतो. १५० जणांचे दोन गट करून हे तपासून पाहिलं आणि त्याचा अहवाल २०१८च्या सुमारास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी चेहऱ्याशी बोललेल्या गटाचा त्रास दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला होता. दुसऱ्या गटाशी नुसतं आपुलकीनं बोलणं, त्यांचं ऐकून घेणं एवढंच केलं होतं. चोवीस आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत ठळक फरक उरला नव्हता. “म्हणजे यंत्राचा उपयोग आहेच,” मॅडम म्हणाल्या, “पण ऐकून घेणंही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे ते यंत्र नाही. खुर्ची आहे, तुमची वही आहे.”

मॅडम वहीतली वाक्यं सपाट सुरात वाचायच्या. लहान्यानं खुर्चीकडे पाहून उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी तो एक शब्द बोलू शकला नाही. दुसऱ्या दिवशी “चूप” एवढंच म्हणाला. तिसऱ्या खेपेला मॅडमनी वाचलं, “खात बसला होता, मी मेलो तवा.”

लहान्या उठून उभा राहिला. “बाबा, तुमीच धाडलं होतं मले बहिरमले! ‘जा, हिवाळ्याचे चार पैसे भेटतीन,’ कोन म्हनलं होतं? मी कामाले गेल्तो. दिवसभर खांब ठोकले. भूक लागली, जेवलो. तुमाले काही होईन हे मले मालूम असतं, तर मी गेलो असतो काय?”

एवढं बोलून तो खाली बसला आणि बाप गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळा रडला. खोलीत शांतता झाली तेव्हा त्याला बापाची एक जुनी गोष्ट आठवली.

लिलाव ऑनलाइन व्हायच्या आधीचे दिवस. वनखात्याच्या आगारात सागवानाच्या थप्प्या नंबर टाकून लावलेल्या असायच्या. लिलावाला दूरदूरचे व्यापारी यायचे, बोली चढायची, एकेकाचा आवाज असा की पोरानं घाबरून बापाचं धोतर धरावं. बाप मात्र बोली लागत असताना थप्पीभोवती फिरायचा, ओंडक्याच्या तोंडावर हात फिरवायचा, गाठ कुठे आहे, पोकळ कुठे आहे ते पाहायचा. पोरानं विचारलं होतं, “बाबा, ते किती वरडून राह्यले, आपन घ्याचं काय?” बाप म्हणाला होता, “बोली कानानं आयकाची, मोल डोयानं कराचं. वरडनाऱ्याले वरडू दे. माल घ्याचा का नाई, हे आपलं आपन ठरवाचं.”

लहान्यानं ही गोष्ट मॅडमना सांगितली आणि सांगता सांगता थांबला. “मॅडम, हा आवाजबी बोलीच लावून राह्यला. ‘दार फोड’, ‘पोरगं जाईन’. मी आतापर्यंत त्याची पयली बोली आयकली का माल देऊन टाकत होतो. लाकूड पाह्यलंच नाई.”

मॅडमनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच हातानं लिहवून घेतलं. पुढचे सगळे महिने याच वाक्यावर चालले. आवाज बोलला की लहान्या मनात म्हणायचा, ‘आयकलं.’ मग विचारायचा: हे खरं आहे का? बाबा असं बोलले असते का? हे केलं तर मला, घराला काय मिळेल? कधी कधी बोलीत थोडं खरंही असायचं. “पट्टी वाकडी हाय,” आवाज म्हणायचा, आणि गुण्या लावून पाहिलं तर पट्टी खरंच केसभर वाकडी असायची. तेवढं तो घ्यायचा, सरळ करायचा, बाकीचं सोडून द्यायचा.

एकदा मॅडमनी त्याला चेन्नईची गोष्टही सांगितली. अमेरिकेतल्या अभ्यासक तान्या लुरमन आणि चेन्नईतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या वीस-वीस जणांशी बोलून पाहिलं होतं. कॅलिफोर्नियातल्या लोकांना बहुधा अनोळखी, हिंसक आवाज ऐकू यायचे. चेन्नईतल्या पुष्कळांना नातेवाइकांचे आवाज यायचे. ते रागवायचे, पण ‘आंघोळ कर’, ‘बाजारात जा’ असं कामही सांगायचे. “आपल्याकडे आवाजही पुष्कळदा घरचेच असतात,” मॅडम म्हणाल्या. “घरच्या माणसाशी बोलता येतं.”

घरच्यांनाही शिकावं लागलं. बायकोला सांगितलं होतं, ‘काही नाही तिथे’ म्हणायचं नाही आणि ‘हो, मलाही ऐकू येतं’ असंही खोटं म्हणायचं नाही. ‘मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतं हे मला कळतं. काय म्हणतोय?’ एवढंच विचारायचं. गोळीची वेळ तिनं भिंतीवर लिहिली. पोरांना सांगितलं की बाबांना कधी कधी थांबावं लागतं, तेव्हा हाक मारायची, घाबरायचं नाही. हे घरात जाऊन करायचं काम आहे, दवाखान्याच्या खोलीत बसून सगळं होत नाही. साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था, गोव्यात आणि तमिळनाडूत तिथल्या संस्था यांच्यामार्फत २८२ रुग्णांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०१४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना नेहमीचे उपचार दिले. काहींच्या घरी त्याशिवाय गावातलाच प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता वर्षभर जात राहिला, बोलत राहिला, गोळ्या, काम, नाती यांत हात देत राहिला. घरी माणूस गेला त्यांचा आजार आणि परावलंबन थोडं अधिक कमी झालं. मोठा चमत्कार घडला नाही, पण जो फरक पडला तो बाहेरून कोणी डॉक्टर न आणता, शेजारच्या माणसाला शिकवून पडला.

वर्ष गेलं. लहान्यानं फोडलेल्या दाराच्या गिऱ्हाइकाला नवं दार करून दिलं, पैसे घेतले नाहीत. गोळी चालू होती, दर महिन्याला अमरावतीची एसटी चालू होती. थोरला भाऊ एक दिवस दुकानात येऊन बसला. बराच वेळ घोट्यावरच्या वणाकडे पाहत होता. मग म्हणाला, “लहान्या, गेला काय तो आवाज?”

“नाई गेला, भाऊ. कमी झाला. कधी आठ दिवस येत नाई, कधी दिवसातून दोनदा येते.”

“मंग बरा कसा झाला म्हनतोस?”

“मी काम करतो, जेवतो, झोपतो. आवाज बोलते. पन आता दुकान मी चालवतो.”

भाऊ म्हणाला, “मले माफ कर. मी तुले इचारलंच नाई.” लहान्यानं त्याच्यापुढे चहा सरकवला.

त्याच वर्षी गल्लीतल्या एका अकरावीच्या पोरीला आवाज ऐकू यायला लागले. घरचे घाबरले, बाहेरचं बघायला निघाले. लहान्याची बायको संध्याकाळी त्यांच्याकडे गेली. पोरीच्या आईला आधी बोलू दिलं. मग पोरीजवळ बसली आणि म्हणाली, “बाई, मले नाई आयकू येत. तुले येते ना? काय म्हन्ते, ते सांग.” दुसऱ्या दिवशी ती त्या मायलेकींना घेऊन अमरावतीच्या एसटीत बसली.

तात्पर्य असं. ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्याशी ते खरे की खोटे यावर वाद घालू नका. त्याला बांधू नका, हसू नका, गप्पही बसवू नका. तो काय ऐकतो हे आधी ऐकून घ्या, मग जाणकाराकडे न्या, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. कानावर काय पडावं हे माणसाच्या हाती नसतं. कशाला मोल द्यायचं हे मात्र त्याच्या हाती येऊ शकतं, आणि ते एकट्यानं येत नाही. लहान्याच्या हाती ते आलं, कारण घरातल्या एका म्हातारीनं शेंगा सोलता सोलता त्याला साधा प्रश्न विचारला आणि उत्तर पुरं होईपर्यंत ती उठली नाही. आपल्या घरात, आपल्या गल्लीत असं कोणी असेल, तर त्याला हा प्रश्न आजच विचारा.